होमस्टे, तांदूळ की गिरणी? बिझनेस स्ट्रॅटेजी ठरवायची साधनं, थेट मोबाईलवर

गेल्या दिवाळीत वेल्ह्याहून मामांचा फोन आला. "आरं, तू कंप्युटरवाला ना? मग एक हिशोब करून दे."

हिशोब असा होता. मामांची दोन लाखांची एफडी मोडायला आली होती आणि वर चार लाखांचं कर्ज द्यायला बँक तयार होती. घर तोरण्याच्या वाटेवर आहे. रविवारी ट्रेकर्स येतात, मामी ओसरीवर पिठलं-भाकरी करून देते. शेतात इंद्रायणी भात होतो आणि दरवर्षी तो व्यापाऱ्याला जातो. मामांच्या डोक्यात तीन कल्पना होत्या: घरामागे तीन खोल्या बांधून होमस्टे काढायचा, स्वतःचा तांदूळ पॅक करून थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाला विकायचा, किंवा छोटी भात गिरणी टाकायची. पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते. माझा मामेभाऊ शिरवळच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. तो घरी परत येईल का, हाही प्रश्न त्यात गुंतलेला होता. मामा तो बोलून दाखवत नव्हते, पण फोन मुळात त्यासाठीच होता.

मी इंजिनिअर. एमबीए केलेलं नाही. पण ऑफिसमध्ये प्रॉडक्टवाल्यांच्या मीटिंगमध्ये बसून स्वॉट, पोर्टर, बीसीजी हे शब्द कानावर पडलेले होते. म्हटलं, एकदा खरोखर वापरून बघू. या लेखात ती सगळी साधनं काय आहेत, कुठे उपयोगी पडतात आणि मी त्यात कुठे माती खाल्ली, ते सांगतो. मामांचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. तुमचं इन्स्टाग्रामवरचं कपड्यांचं दुकान असो, कॉलेजसमोरचा वडापावचा गाडा असो की ॲपची आयडिया, पद्धत तीच लागू होते.

आधी, स्ट्रॅटेजी म्हणजे काय?

पैसा, वेळ आणि माणसं मोजकी असताना ती कुठे लावायची आणि कुठे लावायची नाहीत, याचा निर्णय म्हणजे स्ट्रॅटेजी. त्यातला दुसरा भाग लोक विसरतात. "आपण तिन्ही थोडं थोडं करू" हे ऐकायला बरं वाटतं, पण दोन लाखांत तीन अर्धवट गोष्टी उभ्या राहतात.

(वेल्ह्याच्या माणसाला हे शिकवायची खरं तर गरज नाही. तोरण्यावर सापडलेलं धन महाराजांनी समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लावलं, ही गोष्ट इथलं शाळेतलं पोरगंही सांगतं.)

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत या कामाच्या तीन पायऱ्या करतात. अमेरिकी लेखक फ्रेड डेव्हिड यांच्या पाठ्यपुस्तकातली मांडणी बरीच वापरली जाते: आधी माहिती गोळा करा, मग ती एकमेकांशी जुळवून पर्याय तयार करा, आणि शेवटी पर्यायांतून एक निवडा. प्रत्येक पायरीची साधनं वेगळी असतात. माझी पहिली चूक इथेच झाली. मी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली. ते पुढे येईलच.

पेस्टल: बाहेर काय चाललंय?

पेस्टल म्हणजे राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय आणि कायदेशीर अशा सहा बाजूंनी आजूबाजूला बघणं. याचं मूळ फ्रान्सिस ॲग्विलार यांच्या १९६७ च्या पुस्तकात आहे. तेव्हा त्यात चारच बाजू होत्या, पुढे लोकांनी वाढवत नेल्या.

सहाही रकाने भरलेच पाहिजेत असं नाही. आपल्या धंद्याला खरोखर हलवू शकतील अशा दोन-तीन गोष्टी सापडल्या की झालं. वेल्ह्याच्या होमस्टेसाठी मला या सापडल्या.

पहिली चांगली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. तालुक्याचं नावही आता राजगड झालं आहे. म्हणजे गर्दी वाढेल अशी आशा धरायला जागा आहे, पण ती कुठल्या पायथ्याला वाढेल हे बघायला हवं. राजगडाला जाणारे गुंजवणे किंवा पाली गावातून चढतात. मामांचं घर वेल्ह्यात.

दुसरी पण चांगलीच. महाराष्ट्र सरकारचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतावर पर्यटन केंद्र काढून त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

तिसरी घाबरवणारी. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने अनेक तालुक्यांतल्या पावसाळी ठिकाणांवर महिनाभर मनाईचे आदेश काढले, त्यात वेल्हेही होतं. कारण योग्यच होतं. पण ज्याचा धंदा पावसाळी गर्दीवर उभा आहे, त्याने हे गृहीत धरूनच चालायला हवं: ऐन जुलैत एका आदेशाने शनिवार-रविवार रिकामे जाऊ शकतात.

मोबाईलवर हे कसं शोधायचं? गूगल ट्रेंड्सवर "तोरणा" आणि "राजगड" टाकून पाच वर्षांचा आलेख बघा. दरवर्षी पावसाळ्यात उंचवटा येतो आणि एप्रिल-मेमध्ये रेषा खाली बसते. हा सर्चचा आलेख आहे, गिऱ्हाइकांचा नाही, एवढं लक्षात ठेवा. पण हंगाम कळायला पुरतो.

पोर्टरच्या पाच शक्ती: नफा कोण खातंय?

मायकेल पोर्टर हे हार्वर्डचे प्राध्यापक. १९७९ मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि त्यातली पाच शक्तींची कल्पना जगभर पसरली. त्यांचं म्हणणं असं की तुमचा नफा फक्त समोरचा दुकानदार खात नाही. आजचे प्रतिस्पर्धी, उद्या येऊ शकणारे नवे, माल पुरवणारे, गिऱ्हाईक आणि तुमच्या वस्तूऐवजी वापरता येणारी दुसरी वस्तू, असे पाच जण त्या ताटात हात घालतात.

मला हे साधन सगळ्यात जास्त आवडलं, कारण शेवटच्या शक्तीने माझे डोळे उघडले.

प्रतिस्पर्धी मोजणं सोपं होतं. गूगल मॅप्सवर वेल्हे उघडलं, आसपासच्या राहण्याच्या जागा बघितल्या, त्यांचे रिव्ह्यू वाचले. रिव्ह्यूंची संख्या बघण्यापेक्षा त्यांच्या तारखा बघा. एखाद्या जागेला शंभर रिव्ह्यू असतील आणि सगळे जुलै-ऑगस्टचे असतील, तर ती जागा उरलेलं वर्ष काय करते हे तुम्हाला कळलं. नवे येणं तर फारच सोपं: दहा तंबू विकत घ्या, मोकळं रान भाड्याने घ्या, झाला कॅम्प. मामा सहा लाख घालून पक्क्या खोल्या बांधणार आणि पलीकडचा माणूस त्यातल्या थोड्याशा पैशात तंबू ठोकणार. गिऱ्हाइकाची ताकद? पुण्याहून चाळीस जणांची बॅच आणणारा ट्रेक ग्रुपवाला दर पाडूनच बोलतो, आणि तो दुसरीकडे गेला की एकदम चाळीस माणसं जातात.

पण खरा शत्रू पाचव्या रकान्यात निघाला. वेल्ह्यात मुक्काम करण्याऐवजी माणूस काय करू शकतो? पहाटे पुण्याहून निघतो, नसरापूरला हायवे सोडतो, सकाळी गड चढतो, दुपारी जेवतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर. अंतर साठेक किलोमीटर. मामांच्या होमस्टेचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी पुण्यातला तो पलंग आहे आणि तो फुकट आहे! हेच जेवणाच्या बाबतीत उलटं आहे. चौदाशे मीटर उंचीचा गड उतरून आलेला माणूस घरी जाईपर्यंत थांबत नाही, त्याला तिथल्या तिथे भाकरी लागते.

स्वॉट, आणि त्याचं पुढचं पाऊल

स्वॉट तुम्हाला माहीत असेलच. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके, असे चार चौकोन. पहिल्या दोन गोष्टी आपल्या आतल्या, पुढच्या दोन बाहेरच्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुजली आणि आता प्रत्येक कॉलेज प्रेझेंटेशनमध्ये असते. बहुतेक वेळा ती वाया गेलेली असते.

का ते सांगतो. मी आळशीपणा करून एका एआय चॅटबॉटला विचारलं, "वेल्ह्यातल्या होमस्टेचं स्वॉट करून दे." दहा सेकंदांत सुंदर तक्ता आला. बलस्थान: निसर्गरम्य परिसर. उणीव: मर्यादित मार्केटिंग. संधी: वाढतं पर्यटन. धोका: हवामान. आता "वेल्हे" खोडून तिथे "मनाली" लिहा. एक शब्दही बदलावा लागत नाही. तेव्हापासून मी एक चाचणी लावतो: गावाचं किंवा दुकानाचं नाव बदलूनही वाक्य तसंच खरं राहत असेल, तर ते वाक्य खोडून टाकायचं.

चाचणी लावल्यावर उरलं ते असं. बलस्थान: रविवारी ओसरीवर तीस-चाळीस ट्रेकर्स जेवतात, आणि त्यांना आणायला एक रुपयाही जाहिरातीवर जात नाही. भात स्वतःचा आहे. उणीव: घरात काम करणारी माणसं दोनच, मामा आणि मामी. संधी: पुण्यात इंद्रायणीला मागणी आहे, पण पाकिटातला तांदूळ खरंच मावळपट्ट्यातला आहे का याची घेणाऱ्याला खात्री नसते. धोका: पावसाळी मनाई, आणि भाताच्या काढणीत येणारा पाऊस.

इथे बरेच जण थांबतात. चार चौकोन भरले, स्क्रीनशॉट काढला, संपलं. पण १९८२ मध्ये हाइन्झ वाइरिख यांनी सुचवलेलं पुढचं पाऊल आहे, त्याला टोज मॅट्रिक्स म्हणतात. स्वॉटची अक्षरं उलटी केली की टोज. त्यात आतल्या गोष्टी आणि बाहेरच्या गोष्टी एकमेकांना गुणायच्या. हे बलस्थान वापरून ती संधी कशी घेता येईल? हे बलस्थान वापरून तो धोका कसा टळेल? या उणिवेमुळे कुठली संधी हातातून जाईल? ही उणीव आणि तो धोका एकत्र आले तर काय होईल?

मी फोन स्पीकरवर टाकून मामा-मामींना ओळी वाचून दाखवत होतो. "रविवारी चाळीस जण जेवतात" आणि "पुण्यात खात्रीचा इंद्रायणी हवा असतो" या दोन ओळी एकामागोमाग वाचल्या, आणि मामी म्हणाली, "मंग जेवनाऱ्यालाच द्यावा की तांदूळ. भात खाल्ला की इचारतातच, कुठला हाय म्हनून."

मामांच्या यादीत तांदूळ पुण्याला पाठवायचा होता: गाडी, घरपोच, कुरिअर. मामींच्या वाक्यात गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन दारात आलेलं होतं आणि जाताना त्याची डिकी रिकामी होती. पण तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं. माझं लक्ष पुढच्या तक्त्याकडे होतं.

अनसॉफचे चार चौकोन

हे थोडक्यात. इगोर अनसॉफ, १९५७. एका बाजूला जुनी आणि नवी वस्तू, दुसऱ्या बाजूला जुनं आणि नवं गिऱ्हाईक. जुनी वस्तू जुन्या गिऱ्हाइकाला जास्त विकणं सगळ्यात कमी जोखमीचं. नवी वस्तू नव्या गिऱ्हाइकाला विकणं सगळ्यात जास्त जोखमीचं. मधले दोन मधले. मामांची गिरणी शेवटच्या चौकोनात पडत होती, कारण गिऱ्हाईक गावातले शेतकरी, आणि मामांनी आयुष्यात मशीन चालवलेलं नाही. कुरिअरने तांदूळ म्हणजे ओळखीची वस्तू, अनोळखी गिऱ्हाईक. आणि जेवणाऱ्याला तांदूळ म्हणजे ओळखीचं गिऱ्हाईक, आणि त्याच्यासाठी नवी वस्तू.

बीसीजी मॅट्रिक्स, आणि बजाजची स्कूटर

एकापेक्षा जास्त धंदे असतील तर हे साधन कामाचं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी १९७० मध्ये मांडलं. बाजार किती वेगाने वाढतोय आणि त्यात आपला वाटा प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत किती, या दोन प्रश्नांवर प्रत्येक धंदा एका चौकोनात बसतो. वाटा मोठा आणि बाजार वाढता असेल तर तारा. वाटा मोठा पण बाजार थंड असेल तर दुभती गाय. वाटा छोटा आणि बाजार वाढता असेल तर प्रश्नचिन्ह. दोन्ही कमी असेल तर त्याला कुत्रा म्हणतात (बिचाऱ्या कुत्र्याने काय केलं होतं कोण जाणे). गाईचं दूध काढून ताऱ्यांना आणि निवडक प्रश्नचिन्हांना पाजायचं, असा त्याचा साधारण सल्ला.

याच्या मर्यादा समजायला आकुर्डीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. बजाजची चेतक १९७२ पासून मध्यमवर्गाच्या घरासमोर उभी असायची. पुढे लोक मोटरसायकलकडे वळले, चेतकचं उत्पादन थांबलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर केलं की कंपनी स्कूटर बनवणं पूर्णच बंद करून मोटरसायकलवर लक्ष देणार. वडील राहुल बजाज यांना हे रुचलं नव्हतं आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवलं. मॅट्रिक्सच्या भाषेत बघितलं तर निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. बजाजचा स्कूटरमधला वाटा तेव्हा फारच लहान उरला होता, आणि पल्सर जोरात होती.

पण २००१ मध्ये आलेली होंडाची ॲक्टिव्हा त्याच काळात गिअर नसलेल्या स्कूटरचा बाजार मोठा करत होती, आणि पुढच्या दशकात तो बाजार आणखी फुगला. शेवटी जानेवारी २०२० मध्ये बजाज स्कूटरकडे परतली, चेतक हेच नाव घेऊन, पण इलेक्ट्रिक. बरोबर कोण होतं? मोटरसायकलवर लक्ष दिल्याने बजाजला फायदा झाला, विशेषतः निर्यातीत. स्कूटरचा मोठा बाजार हातातून गेला हेही खरं. मॅट्रिक्समध्ये आजचा वाटा आणि आजचा वेग दिसतो. पाच वर्षांनी कॉलेजच्या मुली, ऑफिसला जाणाऱ्या बायका आणि पाठदुखीवाले काका एकच गाडी मागतील, हे त्या चार चौकोनांत कुठेच लिहिलेलं नसतं.

मामांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांच्याकडे एकच धंदा होता.

वजनाचा तक्ता: इथे मी माती खाल्ली

आता निवड. यासाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे वजनाचा तक्ता. निकष लिहायचे, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे वजन द्यायचं (बेरीज १००), मग प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर १ ते ५ गुण द्यायचे. वजन गुणिले गुण, त्याची बेरीज, भागिले १००. पुस्तकांत याचंच मोठं रूप क्यूएसपीएम नावाने येतं.

मोबाईलवर गूगल शीट्स उघडा. ए कॉलममध्ये निकष, बी मध्ये वजन, पुढच्या प्रत्येक कॉलममध्ये एक पर्याय. खाली समप्रॉडक्ट हे सूत्र वापरलं की गुणाकार-बेरीज एका फटक्यात होते. वजनाच्या कॉलमच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका, नाहीतर सूत्र शेजारी कॉपी केलं की वजनाऐवजी भलताच कॉलम धरतं आणि आकडे खरे वाटतील असेच चुकतात.

मी मामांचे निकष असे घेतले. वर्षाचं उत्पन्न ४०, पैसे लवकर सुटणं २०, जोखीम कमी असणं १०, घरच्यांना झेपणं १०, मामेभाऊ परत येण्याची शक्यता २०.

होमस्टेला या क्रमाने गुण दिले ५, ३, २, २, ५. तांदळाला ३, ५, ४, ३, २. गिरणीला ३, २, ३, ४, ३.

निकाल: होमस्टे ४.०, तांदूळ ३.३, गिरणी २.९.

मी खुशीत स्क्रीनशॉट पाठवला. इतका मोठा फरक! इंजिनिअरला आकडा मिळाला की तो वाद घालायचं थांबवतो.

मामांनी फोन मामीकडे दिला. तिने एकच विचारलं. "जुलैत खोल्या भरनार म्हनतोस. जुलैत लावनी असती. मी चिखलात असनार का चादरी बदलनार?"

हे माझ्या शीटमध्ये होतं का? होतं. "घरच्यांना झेपणं", वजन १०. ट्रेकर्सची गर्दी आणि भातलावणी एकाच महिन्यात येतात, ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे. मी स्वतः सुट्टीत तिथे चिखलात उभा राहिलोय. तरी मी त्याला १० दिले, कारण झेपवायचं मला नव्हतं.

आणखी एक कबुली. वजनं ठरवताना मला निकाल साधारण दिसत होता. मित्रांना घेऊन मामांच्या होमस्टेवर जायचं, हे चित्र माझ्या डोक्यात आधीच होतं. मुद्दाम काही केलं नाही, पण हात आपोआप त्या बाजूला वळला. म्हणून आता मी दोन गोष्टी पाळतो. गुण द्यायच्या आधी वजनं लिहून कुलूप लावायचं, आणि प्रत्येक माणसाने आपली वजनं वेगळ्या टॅबमध्ये भरायची, एकमेकांची न बघता. शीट्समध्ये टॅबवर दाबून डुप्लिकेट केलं की काम होतं.

मामीची वजनं मी फोनवर विचारून भरली. उत्पन्न २५, पैसे लवकर सुटणं २०, जोखीम १५, झेपणं ३०, मामेभाऊ १०. शेवटचा आकडा ऐकून मी थबकलो. ती म्हणाली, "त्याला यायचं आसंल तर तो ईल. खोल्या बांधल्या म्हनून नको यायला." होमस्टेचे झेपण्याचे गुणही तिने २ वरून १ केले.

नवा निकाल: तांदूळ ३.४५, गिरणी ३.१, होमस्टे २.९५. पहिला आलेला शेवटचा झाला.

शनिवार मोजा

यानंतर मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. उत्पन्नाला दिलेले ५ गुण कुठून आले ते तपासलं. मी धरलं होतं की वर्षात १०० रात्री खोल्या भरतील आणि खर्च वजा जाता रात्रीला ३,००० सुटतील. म्हणजे तीन लाख, सहा लाख दोन वर्षांत वसूल.

१०० रात्री? मुक्कामाला माणसं येतात ती शनिवारी. वर्षात शनिवार ५२. लावणी आणि मनाईचे आठ काढा. एप्रिल-मेच्या उन्हाचे आठ काढा. उरले ३६. गुणिले ३,००० म्हणजे १,०८,०००. सहा लाख सुटायला व्याज न धरताही साडेपाच वर्षं.

उत्पन्नाचे गुण ५ वरून ३ केले, बाकी माझीच जुनी वजनं आणि माझेच जुने गुण ठेवले. होमस्टे ३.२ वर आला, तांदूळ ३.३. म्हणजे मामीचं काही न ऐकताही होमस्टेची आघाडी गेली असती. अर्थात ३.२ आणि ३.३ मधल्या फरकावर कोणी उड्या मारू नयेत. गुणच मुळात अंदाजाचे आहेत, तिथे ०.१ ला काही अर्थ नाही. असा निकाल आला की तो "बरोबरी" म्हणून वाचायचा आणि कुठली एक माहिती मिळाली तर ही बरोबरी सुटेल, ते शोधायला जायचं.

यालाच सेन्सिटिव्हिटी बघणं म्हणतात. एकेक आकडा थोडा वर-खाली करायचा आणि पहिला नंबर बदलतो का बघायचं. जो आकडा हलवल्यावर निकाल हलतो, त्याच आकड्यावर वेळ घालवायचा. बाकीचे अंदाजे असले तरी चालतात. मामांच्या शीटमध्ये असा आकडा एकच होता: वर्षातले भरणारे शनिवार.

आणि मामींचा पर्याय? जेवणाऱ्यालाच तांदूळ द्यायचा, तो माझ्या तक्त्यात कॉलम म्हणून नव्हताच. तक्ता फक्त तुम्ही लिहिलेले पर्याय तोलतो. चौथा कॉलम घालायचा होता तो टोजवरून, आणि मी तिथून घाईत पुढे निघून आलो होतो. घातला. झेपणं, जोखीम, पैसे लवकर सुटणं, तिन्हींत तो कुरिअरच्या तांदळाच्या पुढे गेला.

मग काय केलं?

कर्ज घेतलं नाही. दोन लाखांतले तीसेक हजार लागले: वजनकाटा, पिशव्या शिवायचं छोटं मशीन, छापील पिशव्या, एफएसएसएआयची नोंदणी. भात गावाजवळच्याच गिरणीतून भरडून आणला. शंभर किलो भातातून साठ-पासष्ट किलो तांदूळ उतरतो, कणी आणि कोंडा वेगळा. हे गणित मामांना तोंडपाठ होतं, मला नव्हतं. पाच किलोच्या पिशव्या ओसरीवर रचल्या आणि भिंतीला यूपीआयचा क्यूआर चिकटवला.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत रविवारी सरासरी बारा-पंधरा पिशव्या गेल्या. व्यापाऱ्याला दिलेल्या भातापेक्षा किलोमागे किती जास्त सुटले, त्याचा वेगळा टॅब मामांनी स्वतः भरलाय. मोबाईलवर, मराठी कीबोर्डने. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या की भात फार चिकट होतो. इंद्रायणी मऊच असतो, आणि नवा तांदूळ जास्तच. मामीने प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकली: नवा तांदूळ आहे, पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. तक्रारी थांबल्या. चिठ्ठीवर व्हॉट्सॲप नंबर होता, त्यावर "अजून दहा किलो मिळेल का" असे मेसेज येऊ लागले, म्हणजे कुरिअरवाला पर्यायही मागच्या दाराने आत आला.

पिशव्या एप्रिलमध्येच संपल्या. मामांना वाटतं की पुढच्या वर्षी शेजाऱ्यांचाही भात घ्यावा. मामीला ते पटत नाही, कारण शेजाऱ्याच्या भाताची खात्री आपण कशी देणार. त्यासाठी नवी शीट तयार आहे. मामेभाऊ अजून शिरवळलाच आहे, रविवारी येऊन पिशव्या शिवतो. खोल्यांचा कॉलम मामांनी काढू दिलेला नाही. या पावसाळ्यात ते ओसरीवर बसून एका वहीत दर शनिवारी एकच गोष्ट लिहिणार आहेत: "मुक्कामाला जागा आहे का" असं किती जणांनी विचारलं.